लोक कुठे उठून गेले, एवढंच कळतं

नवा व्हिडिओ टाकून यूट्यूब स्टुडिओ, म्हणजे चॅनलचे आकडे दाखवणारं पान, उघडलं की एक ओळ दिसते: गेल्या दहा व्हिडिओंमध्ये याचा नंबर कितवा. तुलना तशी रास्त असते. टाकल्यापासून तेवढ्याच वेळात आधीचे व्हिडिओ किती जणांनी पाहिले होते, त्याच्याशी ती होते. पहिला नंबर आला तर दिवस बरा जातो. नववा आला तर मी फोन पालथा ठेवते आणि पाच मिनिटांत पुन्हा उचलते. नोकरी सोडल्यामुळे आता साहेब नाही, त्याच्या जागी ही ओळ आहे. साहेब निदान रजेवर तरी जायचा.

मी रोजच्या वापरातल्या वस्तू उघडून त्या चालतात कशा ते दाखवते. स्टेपलर, बॉलपेन, कुलूप, बिजागरी. पूर्णवेळ हेच करते. जोडीला एक एडिटर आहे. तो मला ताई म्हणतो आणि काय ऐकवायचं ते ताई म्हणूनच ऐकवतो. क्रिएटर लोकांच्या आयुष्याबद्दल जे लिहिलं जातं ते बहुतेक दोनच सुरांत असतं: किती ते स्वातंत्र्य, नाहीतर अल्गोरिदमने जीव घेतला. दोन्हींत काम कुठेच दिसत नाही. म्हणून आधी कामाबद्दल.

चेनचा व्हिडिओ घेऊ. चेन म्हणजे आपली साधी, पँटची किंवा बॅगेची. व्हिटकॉम्ब जडसन याने १८९३ मध्ये तिच्या पूर्वजाचं पेटंट घेतलं. त्यात हूक आणि कड्या होत्या, आणि ती भलत्या वेळी उघडायची. आज आपण वापरतो तिच्या जवळची रचना गिडियन संडबॅक या इंजिनिअरने १९१३ च्या सुमारास केली, पेटंट १९१७ मध्ये मिळालं. गंमत दात्यांत आहे. प्रत्येक दात्याच्या एका बाजूला बारीक उंचवटा असतो आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच खळगा. रनरच्या पोटात इंग्रजी वाय अक्षरासारखी वाट असते. दोन्हीकडचे दाते त्या वाटेने तिरके येतात, तिरके असताना एकमेकांत शिरतात, आणि सरळ झाले की अडकून बसतात. आडवं कितीही ओढा, सुटत नाहीत. सोडवायचे तर रनर उलट दिशेने ओढायचा, मग त्याच्या आतली पाचर त्यांना वेगळं करते.

हे वाचायला अर्धं मिनिट लागतं. दाखवायला माझी सबंध दुपार गेली. मॅक्रो लेन्सने इतक्या जवळून शूटिंग करताना जेमतेम एक-दोन मिलिमीटर जागा फोकसमध्ये राहते. रनर हाताने ओढला की बोट फ्रेममध्ये येतं आणि सगळं हलतं. म्हणून रनरला दोरा बांधला आणि तो फ्रेमच्या बाहेरून ओढला. लाइट समोरून लावला तर धातू चमकतो आणि खळगे दिसतच नाहीत, बाजूने अगदी खालून लावला तेव्हा प्रत्येक दात्याची सावली शेजारच्या खळग्यात पडली. आवाज वेगळा घेतला, कारण कॅमेऱ्याच्या माइकवर चेनपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो. एवढ्या सगळ्यातून हाती आले सात-आठ सेकंद. दाते एकेक करून आत जाताना दिसतात, कुणी बोलत नाही, फक्त तो किरकिर आवाज.

माझ्या लेखी सर्जनशील काम म्हणतात ते हेच. बाकीचा आठवडा म्हणजे लहान दुकान चालवणं: स्पॉन्सरचे मेल, बिलं, सबटायटल, हार्ड डिस्कवर जागा करणं, फायलींना शहाणी नावं देणं. त्याची मला फारशी तक्रार नाही. कुठल्याही कारागिराचा बराचसा वेळ हत्यारं पुसण्यात जातोच.

तर ते सात-आठ सेकंद. एडिटर म्हणाला, "ताई, शॉट भारी आहे, पण एवढी शांतता टिकणार नाही. ग्राफ पडेल."

ग्राफ म्हणजे रिटेन्शनचा. डावीकडे व्हिडिओ सुरू होतो तेव्हा सगळे असतात, मग रेघ उतरत जाते. पहिल्या तीस सेकंदांत किती जण टिकले याचा आकडा स्टुडिओ वेगळा काढून दाखवतं, आणि तो बघून बघून आमची वाक्यंच बदलली आहेत. "नमस्कार, आज आपण बघणार आहोत" हे माझ्या तोंडून कधीच गळून पडलं. त्याचं मला वाईट वाटत नाही, ते वाक्य होतंच टाकाऊ. ग्राफ चांगला संपादक आहे, पण त्याला एकच गोष्ट कळते: लोक कुठे उठून गेले.

इतके आपण या रेघेच्या नादी लागलो त्याला कारण आहे. २०१२ पर्यंत यूट्यूबची शिफारस मुख्यतः क्लिकवर चालायची. मग लोक किती वेळ बघतात त्यावर ती चालू लागली. तेव्हापासून व्हिडिओ लांबत गेले. मधे जाहिरात टाकायला व्हिडिओ दहा मिनिटांचा लागायचा, तेव्हा जगभरचे सगळे विषय कसे कोण जाणे दहा मिनिटं आणि काही सेकंदांतच मावायचे. जुलै २०२० मध्ये ती अट आठ मिनिटांवर आली आणि विषयही आज्ञाधारकपणे आटोपशीर झाले. उलटही घडलं आहे. वाइन या अ‍ॅपवर सहाच सेकंद मिळायचे, आणि त्या सहा सेकंदांतून विनोदाची एक नवीच तऱ्हा निघाली. २०१७ मध्ये ते बंद पडलं, पण आजच्या शॉर्ट्सचा, म्हणजे यूट्यूबवरच्या छोट्या उभ्या व्हिडिओंचा, अर्धा तालसूर तिथलाच आहे. क्रिएटरची शैली म्हणून जिचं कौतुक होतं, ती खरं तर कुठल्या तरी नियमाच्या साच्यात ओतलेली असते, असं माझं मत आहे. साचा वाईटच असतो असं नाही. वृत्तालाही मात्रा असतातच.

यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा, एकोणीस सेकंदांचा. संस्थापकांपैकी एक असलेला जावेद करीम प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून त्यांच्या सोंडा फार लांब असतात, एवढंच सांगतो. माझ्या एडिटरने तो सुरुवातीलाच कापला असता. मग उरलं काय असतं, हे विचारायची सोय नाही.

चेनच्या व्हिडिओत मी ती शांतता ठेवली. गंमत म्हणजे ग्राफ तिथे पडला नाही, उलट जरा वर गेला, म्हणजे लोकांनी मागे जाऊन तो तुकडा पुन्हा बघितला. यावरून मी काही सिद्धांत मांडणार नाही. पुढच्या व्हिडिओत अशीच शांतता ठेवली आणि रेघ सपाटून आपटली. खरी गोष्ट वेगळ्याच ठिकाणी घडली.

व्हिडिओच्या मध्यावर मी एक दुरुस्ती सांगितली होती. चेन लागते पण मागून उघडत जाते, तेव्हा दोष बहुतेक वेळा दात्यांचा नसतो. वापरून वापरून रनरचे दोन पत्रे किंचित फाकतात आणि दाते नीट दाबले जात नाहीत. पक्कड घ्यायची आणि रनरची मागची कड, म्हणजे बंद झालेली चेन जिथून बाहेर पडते ती बाजू, दोन्हीकडून हलकेच दाबायची. अगदी हलकेच. जास्त दाबली तर रनर अडकतो आणि पत्रा कमजोर असेल तर तुटतोही.

नेमकं तिथे ग्राफला खड्डा होता. एडिटरने स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं, "बघा ताई, इथे लोक कंटाळले." मी मान डोलावली. व्हिडिओ तेव्हा दहांत आठवा होता आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पुढे बऱ्याच दिवसांनी एका गृहस्थांचा मेल आला. लिहिलं होतं, तुम्ही सांगितलंत तिथेच व्हिडिओ थांबवला, पक्कड शोधली, मुलीच्या दप्तराची चेन नीट झाली, आभार. उरलेला व्हिडिओ काही बघितला नाही, राग मानू नका.

मेल वाचून मी पुन्हा ग्राफ उघडला. हा माणूस त्या खड्ड्यात होता. माझ्या कामाचा त्याच्याइतका उपयोग कुणालाच झाला नसेल, आणि हिशेबात तो सोडून गेलेल्यांत धरला गेला. खड्ड्यातले सगळेच पक्कड आणायला गेले होते असं म्हणण्याइतकी मी भोळी नाही. बरेचसे कंटाळलेच असतील. पण दोघांची रेघ एकच. कंटाळून गेलेला आणि शिकून उठलेला, यांत फरक करणारा आकडा स्टुडिओत नाही. असता तर आम्ही सगळे जण आज वेगळे व्हिडिओ करत असतो.

पूर्णवेळ या कामात उतरलं की हा प्रश्न पोटाचा होतो. छंद म्हणून करत होते तेव्हा असा मेल आला की आठवडा आनंदात जायचा. आता आधी मनात येतं की हा जाहिरातीपर्यंत तरी थांबला होता का. विचार लाजिरवाणा नाही, धंद्याचा आहे. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींतला पंचावन्न टक्के वाटा क्रिएटरला मिळतो, शॉर्ट्सवर त्याच्या वाट्याला येणाऱ्या रकमेतला पंचेचाळीस टक्के. मुळात मोठ्या व्हिडिओंच्या जोरावर हा वाटा सुरू व्हायलाच २०१८ पासून हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तास पाहणं, असा उंबरठा आहे. त्यात डिसेंबरात जाहिरातींचे दर चढतात आणि जानेवारीत कोसळतात. तोच व्हिडिओ, तेवढेच प्रेक्षक, आणि पैसे निराळे. दर जानेवारीत आमच्यातले निम्मे लोक आपली प्रतिभा आटली या समजुतीत असतात. आटलेलं असतं जाहिरातदारांचं बजेट. जॅक काँटी हा संगीतकार. एका म्युझिक व्हिडिओवर त्याने बक्कळ खर्च केला, जाहिरातींतून हाती काही लागेना, तेव्हा २०१३ मध्ये त्याने सॅम यॅमबरोबर पॅट्रिऑन काढलं. चाहत्यांनीच थेट महिन्याचे पैसे द्यायचे. माझ्याकडे असे थोडे सभासद आहेत. त्यांच्यामुळे घर चालत नाही, पण कापला जाणारा एखादा शांत शॉट वाचतो.

पैशांपेक्षा मला जास्त जाणवतं ते निराळंच. पूर्वी एखादी वस्तू उगाच उघडून बसायचे. आता स्क्रू ढिला व्हायच्या आत डोक्यात शीर्षक तयार होतं. मग थंबनेल. मग पहिलं वाक्य. वस्तू आत कशी आहे हे कळायच्या आधीच तिच्याबद्दल काय बोलायचं ते ठरलेलं असतं, आणि अशा वेळी आत जे अपेक्षेपेक्षा वेगळं निघतं ते नजरेतून निसटतं. याचं खापर कुठल्याही कंपनीवर फोडता येत नाही. ही सवय माझ्याच हाताला लागली आहे. केसी नाइस्टॅट हा यूट्यूबर २०१५ च्या मार्चपासून पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत जवळजवळ रोज व्लॉग टाकत होता. लोकांना त्या चिकाटीचं कौतुक, मला ते बघून दम लागायचा. टॉम स्कॉट या दुसऱ्या यूट्यूबरचं मात्र मनापासून पटलं. दहा वर्षं दर सोमवारी एक व्हिडिओ, आणि १ जानेवारी २०२४ ला जाहीरपणे थांबला. चॅनल चालत असताना थांबायला वेगळी हिंमत लागते.

मी थांबलेले नाही, थांबायचा बेतही नाही. काही वस्तू फक्त कॅमेरा बंद ठेवून उघडायच्या, एवढं पाळते. गेल्या महिन्यात एक जुना टायमर असाच उघडला. आत काय होतं ते इथेही सांगणार नाही.

सध्या बिजागरीवर काम चालू आहे. करकरणाऱ्या दाराच्या बिजागरीची खीळ वर उचलून, पुसून, ग्रीस लावून परत कशी बसवायची तो भाग मध्यावर आहे. त्यात मी एक वाक्य घातलं: "आता व्हिडिओ थांबवा, एक दार करून या." एडिटर हादरला. म्हणाला, "ताई, लोक स्वतः उठून जातात तेवढं कमी आहे का? तुम्ही त्यांना हाकलताय!" बरीच वादावादी झाली. त्याने वाक्य कापलं, मी परत टाकलं, त्याने आवाज बारीक केला, मी तोही पकडला. शेवटी तडजोड झाली ती अशी: वाक्य राहील, पण मधली जाहिरात त्याच्या आधी येईल. ज्यांना दार करायला जायचं आहे त्यांनी जाहिरात बघून जावं.