काउंटरवर ४१२, फाइलमध्ये १३६

शनिवारी सकाळी फोन आला. तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई. "सर, रागावू नका, पण तुमच्या नव्या आवृत्तीनं माझी पुस्तकं खाल्ली."

ग्रंथालयाच्या वार्षिक पडताळणीसाठी मी सी भाषेतला एक छोटा मुक्तस्रोत प्रोग्रॅम सांभाळतो. कपाटासमोर उभं राहायचं आणि पुस्तकाचा बारकोड स्कॅन करायचा, की दाखल क्रमांक यादीला जोडला जातो. चुकीचं पुस्तक वाजलं तर 'रद्द' करायचं. काम संपलं की यादी फाइलमध्ये उतरते. मूळ लेखकाने ही यादी साध्या एकेरी लिंक्ड लिस्टने केली होती: प्रत्येक नोंद म्हणजे एक नोड, आणि त्यात पुढच्या नोडचा मेमरीतला पत्ता, म्हणजे 'पुढचा' हा पॉइंटर. मी ती वारशात घेतली, आणि वारशाच्या घराला करतात तशी डागडुजी करत बसलो.

दोन आठवड्यांपूर्वीची डागडुजी मला स्वतःलाच फार आवडली होती. एका मोठ्या कॉलेजातून तक्रार होती की जुनी २ लाख नोंदींची फाइल उघडायला युगं लागतात. पाहिलं तर प्रत्येक नवी नोंद जोडताना कोड पहिल्या नोडपासून शेवटापर्यंत चालत जात होता. सरासरी १ लाख उड्या, त्याही २ लाख वेळा. म्हणजे २,००० कोटी उड्या! 'अ‍ॅरे वापरा की' (म्हणजे मेमरीत सलग ठेवलेली यादी) असं कुणीतरी म्हणणारच, पण यादीला हात लावणाऱ्या बाराएक फंक्शनांचं सगळं पुन्हा लिहायची माझी तयारी नव्हती. मी यादीला शेपूट दिलं: शेवटच्या नोडमधला 'पुढचा' हा पॉइंटर जिथे राहतो, त्या जागेचा पत्ता कायम हाताशी ठेवायचा. नवा नोड आला की त्या पत्त्यावर लिहायचा आणि शेपूट पुढे सरकवायचं. चहा करून येईपर्यंत चालणारं काम एंटर दाबताच संपायला लागलं. चाचण्या हिरव्या आल्या, आवृत्ती काढली.

आणि आता हा फोन.

"प्रोग्रॅम बंद पडला का?"

"छे हो, छान चालला. पडद्यावर ४१२ दिसत होते. माझ्या कागदावरही ४१२." बाई यंत्रावर विसंबत नाहीत. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, असा हिशेब शेजारी चालू असतो. "पण फाइलमध्ये १३६च!"

"१३६ नंतर काही वेगळं झालं होतं का?"

त्यांनी कागद पाहिला. "१३७ वं चुकीचं वाजवलं होतं. लगेच रद्द केलं. खोडलंय इथे."

त्या 'लगेच'ला माझ्या पोटात खड्डा पडला. माझ्या चाचणीत दहा नोंदी घालून तिसरी रद्द केली होती. चुकीचं पुस्तक वाजवल्यावर आणखी सात पुस्तकं स्कॅन करून मग आठवण येणारा माणूस मी कुठून आणला होता, कोण जाणे.

रद्द करण्याचा कोड तसा देखणा होता. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने २०१६ मध्ये टेड व्याख्यानांच्या मंचावर दाखवलेली तीच पद्धत: पॉइंटरचा पॉइंटर, म्हणजे पॉइंटर जिथे राहतो त्या जागेचा पत्ता, घेऊन चालायचं, म्हणजे पहिला नोड काढायला वेगळी 'जर' (इफची अट) लागत नाही. मी त्याला हातही लावला नव्हता, आणि घोळ तिथेच होता. शेवटचा नोड काढला, त्याची मेमरी मोकळी केली, पण शेपूट अजून त्याच मेलेल्या नोडकडे बोट दाखवत राहिलं.

तरी प्रोग्रॅम कोसळायला हवा होता ना? घरी तेच करून पाहिलं. कोसळला नाही. ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीचा मॅलॉक (मागितली की मेमरी देणारा भाग) नुकतीच मोकळी झालेली जागा त्याच मापाच्या पुढच्या मागणीला लगेच देऊन टाकतो. त्यामुळे पुढच्या पुस्तकाचा नोड नेमका मेलेल्याच्याच जागी जन्मला, आणि शेपटाने त्याचा पत्ता त्याच्याच 'पुढचा'मध्ये लिहिला. त्यानंतरचं पुस्तक त्याला जोडलं गेलं, मग त्याला त्यापुढचं. २७६ पुस्तकांची एक धडधाकट साखळी मेमरीत तयार झाली, फक्त तिचं पहिलं टोक कुणाच्याच हातात नव्हतं. पडद्यावरचा आकडा मात्र वेगळ्या चलात मोजला जातो, तो इमानदारीत वाढत राहिला. कोसळला असता तर बरं झालं असतं. निदान १३८ व्या पुस्तकालाच कळलं असतं.

अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारं साधन) लावून पुन्हा बांधलं. तो मोकळी झालेली जागा लगेच परत देत नाही, काही काळ कोंडून ठेवतो. पहिल्याच फटक्यात लाल अक्षरं आली: मोकळ्या केलेल्या मेमरीत लिहिलं कुठे, ती मोकळी केली कुठे, मुळात मागितली कुठे, तिन्हींचे ओळ क्रमांक. हे दोन आठवड्यांपूर्वी केलं असतं तरी रद्दची ती भलतीच चाचणी असेपर्यंत काही दिसलं नसतं, हे त्याहून वाईट.

दुरुस्ती एका ओळीची. काढलेल्या नोडपुढे काही नसेल, तर आपण ज्या पॉइंटरच्या पॉइंटरवर उभे आहोत, तेच नवं शेपूट. यादी अगदी रिकामी झाली तरी हीच ओळ पुरते, कारण तेव्हा तो यादीच्या डोक्याचाच पत्ता असतो. बीएसडी या युनिक्स घराण्यातल्या प्रणालीत शेपटीच्या याद्यांसाठी तयार मॅक्रो (कोडचे साचे) आहेत, त्यांत शेपूट असंच सांभाळलेलं असतं. मी ते वाचलंही होतं, पण हाताने करायची खुमखुमी.

संध्याकाळी नवी आवृत्ती पाठवून बाईंना फोन केला, माफी मागितली. २७६ पुस्तकं पुन्हा स्कॅन करायची म्हणजे अख्खी दुपार. आता १३६ बरोबर, एक चूक, लगेच रद्द, मग २७६ ही त्यांचीच दुपार माझ्या चाचण्यांमध्ये जशीच्या तशी आहे.

"ते असू दे हो," बाई म्हणाल्या, "रद्द केल्यावर वेगळा आवाज करता येईल का? सगळं एकच टूं वाजतं."

तो बदल अजून लिहायचाय. प्रोग्रॅम वाजवतो ती टर्मिनलची साधी घंटा, आणि तिला सहसा दुसरा सूर नसतो.