मारिओचे दोन दुसरे भाग

एखादा गेम संपला की आपण सहज म्हणून जातो, ‘याचा दुसरा भाग यायला पाहिजे.’ म्हणजे नक्की काय यायला पाहिजे? तोच गेम हवा असतो, आणि तोच नकोही असतो. असं गिऱ्हाईक एखाद्या शिंप्याने दुकानातून हाकलून दिलं असतं. गेम बनवणाऱ्यांना ती सोय नाही.

निन्टेंडो या जपानी गेम कंपनीने या मागणीला एकदा दोन उत्तरं दिली. १९८५चा मारिओ आपल्याकडे कित्येक घरांत नकली कन्सोलवर, हजारो गेम असल्याच्या थापा मारणाऱ्या कॅसेटमधून आला, त्यामुळे ती कासवं आणि ते पाइप वेगळे सांगायला नकोत. १९८६मध्ये जपानात त्याचा दुसरा भाग निघाला. तीच मिसळ, तर्री दुप्पट. मोठं करणाऱ्या मशरूमच्या जोडीला आता विषारी मशरूम, उडी भलतीकडे नेणारा वारा, आणि पुढे नेईल म्हणून शिरावं तर पुन्हा पहिल्या जगात आणून सोडणारी चोरवाट. (ही ज्याला सुचली, तो गालातल्या गालात हसला असणार!)

निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या मंडळींना हा छळ आपल्या गिऱ्हाइकांना झेपेल असं वाटेना. १९८८मध्ये तिथे ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ म्हणून जो गेम आला तो मुळात मारिओचा नव्हताच. ‘डोकी डोकी पॅनिक’ या जपानी गेममधली पात्रं उठवून त्यांच्या जागी मारिओ, लुइजी, टोड आणि राजकन्येला बसवलं होतं. शत्रूच्या डोक्यावर उडी मारली तर तो मरत नाही, आपण आरामात त्याच्या डोक्यावर उभे! मारायचं तर जमिनीतून भाजी उपटून फेकायची.

मला हा तोतयाच जास्त आवडतो. पळणं आणि उडी मारणं बोटांना माहीत असतं, पण त्यांचं करायचं काय हे नव्याने शिकावं लागतं. जपानी भागात बोटांची नुसती परीक्षा होते. शेवटी १९९२मध्ये खुद्द जपानातही हा तोतया ‘सुपर मारिओ यूएसए’ नावाने विकला गेला.

निन्टेंडोच्याच ‘झेल्डा’ या गेममालिकेवाल्यांनी २०००च्या ‘मजोराज मास्क’मध्ये हेच जाणूनबुजून केलं. आधीच्या ‘ओकारिना ऑफ टाइम’नंतर दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं, म्हणून जुनेच चेहरे वापरले, पण माणसं वेगळी. तीन दिवसांत चंद्र गावावर कोसळणार, आणि आपण पुन्हा पुन्हा पहिल्या दिवसावर परतायचं. परतलं की खिशातले पैसे जातात. बँकेत ठेवलेले मात्र शाबूत! काळ उलटा फिरला तरी खातं चोख ठेवणारी बँक फक्त गेममध्येच सापडायची.

‘झेल्डा’च्याच ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’चा पुढचा भाग ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ २०२३मध्ये आला तेव्हा, सहा वर्षं थांबून जमीन तीच, अशी कुरकुर ऐकू आली. वर आकाशात बेटं आणि खाली अंधारं पाताळ होतं, पण मला तर ती ओळखीची जमीनच हवी होती. आधी ज्या कड्यावर घामाघूम होऊन चढलो, त्यावरून आता स्वतः जोडलेलं विमान न्यायचं, ही मजा नव्या नकाशात कुठून येणार? ते विमान बहुतेक वेळा कड्यावरच आपटतं. राजकन्येला शोधायचं राहतं बाजूला आणि मी पुन्हा फळ्यांना पंखे चिकटवत बसतो.