बारा वाजताचे अठरा ठोके

परवा दुपारी चर्चची घंटा घाईत वाजली. तीन ठोके, जरा दम, तीन ठोके, आणि दम न घेताच पुढचे तीन. कुणाचं काही बिघडलं नाही. कुकरच्या शिट्ट्या ठरल्याप्रमाणे झाल्या, वाडीतला पंप चालू राहिला. ओट्यावर पाय सोडून बसलेल्या म्हाताऱ्याने मात्र मान वर केली. त्याची ‘नमो मरिया’ ही प्रार्थना अर्ध्यातच राहिली होती.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात बाराची घंटा कुणी घड्याळ लावायला ऐकत नाही. बाराला बारा ठोके पडतच नाहीत मुळी. जुनी रीत म्हणजे तीन, तीन, तीन आणि शेवटी सलग नऊ, एकूण अठरा. शेवटच्या नऊच्या जागी कुठे जास्त पडतात, कुठे वाजवणाऱ्याचा हात भरून येईपर्यंत पडत राहतात. पहिली तीन त्रिकं मात्र ठरलेली. ही आंजेलूसची घंटा, देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाची. सकाळी सहाला, दुपारी बाराला आणि संध्याकाळी दिवेलागणीला. दर तीन ठोक्यांनंतर एक चरण, त्याचा प्रतिसाद आणि एक नमो मरिया. तिसऱ्या चरणात ‘शब्द देही झाला’ अशा अर्थाची ओळ येते, तिथे मान झुकवायची किंवा गुडघा टेकायचा. मग नऊ ठोके पडतात तोवर शेवटची प्रार्थना.

आता हिशोब करा. चरण, प्रतिसाद आणि नमो मरिया, धावत नाही आणि रेंगाळतही नाही अशा बेताने म्हटलं तर वीसेक सेकंद लागतात. म्हणजे दोन त्रिकांमध्ये वीस सेकंदांची मोकळी जागा हवी. सगळं मिळून दीड मिनिटाच्या थोडं वर. ही जागा मनगटावरच्या घड्याळाकडे बघून ठेवता येत नाही, कारण हात दोरीवर असतो आणि मान वर. त्यावर एकच उपाय : वाजवणाऱ्याने स्वतः ती प्रार्थना पुटपुटायची. जागा बरोबर येते. घंटा घाईत आली की समजावं, दोरीशी उभा असलेला माणूस आज म्हणत नाहीये, नुसता मोजतोय.

दुपारच्या घंटेचा उगम तर पार लढाईत आहे. 1456 साली तुर्कांचा वेढा बेलग्रेडला पडला, तेव्हा पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी फर्मान काढलं की रोज दुपारी घंटा वाजवून लोकांनी प्रार्थना करावी. जुलैत वेढा उठला, आणि काही मुलखांत फर्मानाआधी विजयाचीच बातमी पोहोचली. तिथल्या लोकांनी पहिल्या दिवसापासून ही घंटा आभाराची म्हणूनच ऐकली. नंतर बेलग्रेड कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, घंटा राहिली. केळीच्या बागेत पाणी सोडणाऱ्या माणसाला बेलग्रेडशी काय करायचंय म्हणा!

हल्ली पुष्कळ ठिकाणी घंटेचं काम यंत्राकडे गेलंय. एक तर घंटेशेजारी विजेवर चालणारा हातोडा बसवतात, नाहीतर सरळ ध्वनिमुद्रित आवाज भोंग्यातून सोडतात. सोय मोठी आहे, चर्चची देखभाल करणाऱ्या सॅक्रिस्टनला दिवसातून तीनदा धावावं लागत नाही. पण त्यातही खोड्या निघतात. आत बॅटरी नसेल किंवा ती मेलेली असेल तर वीज जाऊन आली की घड्याळ शून्यावर येतं आणि बाराची घंटा पावणेतीनला वाजते. भोंगा असेल तर रात्री दहा ते सकाळी सहा हा ध्वनिक्षेपकाच्या बंदीचा काळ, तेव्हा घड्याळ दोन मिनिटं पुढे गेलेलंही चालत नाही. आणि हातोडा जर घंटेच्या कडेला टेकूनच थांबत असेल, ठोका देऊन लगेच मागे येत नसेल, तर नाद मरतो. पुढे घंटेला तडा जायचीही भीती. मला विचाराल तर यंत्राचा खरा दोष वेगळाच आहे. त्याची वीस सेकंदं नेहमी वीसच असतात. माणसाची कधी अठरा होतात, कधी मेंदू भरकटला तर पंचवीस, आणि पंचवीस झाली की खालचे सगळे ओळखतात, आज वर कोण आहे.

दोरीचं शास्त्र मात्र कुठे लिहिलेलं सापडायचं नाही. आपल्याकडे बहुतेक चर्चमध्ये घंटा झुलत नाही, ती तुळईला घट्ट असते. दोरी बांधलेली असते लोलकाला, म्हणजे घंटेच्या आत लोंबणाऱ्या दांड्याला. दोरी लोलकापासून आडवी भिंतीच्या कडीपर्यंत जाते आणि तिथून खाली उतरते. खाली ओढली की लोलक कडेवर आपटतो, सैल सोडली की मागे येतो. सैल सोडणं हे ओढण्याइतकंच महत्त्वाचं. नवशिका ओढतो आणि दोरी ताणूनच धरतो, मग लोलक कडेला चिकटून बसतो आणि ‘टण्ण’ऐवजी ‘ठक्’ येतं. घंटेचं काँसं म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. कथिलाने सूर येतो, पण त्यानेच धातू ठिसूळ होतो. म्हणून लोलक तिच्यापेक्षा मऊ लोखंडाचा असावा लागतो : झिजायचं तर लोलकाने झिजावं. घंटाही एकाच जागी वर्षानुवर्षं मार खाऊन तिथे सपाट होते, तेव्हा ती काढून पाव फेरा फिरवून पुन्हा टांगायची, म्हणजे ठोक्याला ताजी कड मिळते. हे काम दोन पिढ्यांत एकदा निघतं, त्यामुळे ते करायचं असतं हेच कुणाला माहीत नसतं.

आणि पावसाळा. सुती किंवा काथ्याची दोरी भिजली की फुगते आणि फुगली की आखडते. मे महिन्यात कमरेला लागणारी गाठ जुलैत छातीशी येते. ते दिसतं तरी. वर मात्र आखडलेल्या दोरीने लोलक आपोआप एका बाजूला ओढला जातो आणि कडेपासून बोटभर अंतरावर, कधी टेकूनच, उभा राहतो. मग गावात बोलणं सुरू होतं : घंटेचा आवाज बसला, घंटा म्हातारी झाली, तडा गेला असेल, मुंबईहून माणूस बोलवा. तडा वगैरे काही नसतो. खालची गाठ सोडून दोरी वीतभर सैल दिली की घंटा पुन्हा तरुण. नायलॉनची दोरी तेवढी आखडत नाही, पण ती ताणते आणि घामेजल्या हातातून निसटते. शिवाय ती झिजताना सांगत नाही. सुती दोरीचे पीळ महिनाभर आधीपासून उसवलेले दिसतात.

रविवारी घंटेचं काम वाढतं. मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची, पहिली घंटा अर्धा तास आधी, दुसरी अगदी तोंडावर. पहिल्या घंटेला अंघोळीच्या रांगा लागतात. कुणाच्या घरात कुणी कुठवर आवरलंय हे दुसऱ्या घंटेला अख्ख्या आळीला कळतं, कारण चपला शोधण्याचा आवाज रस्त्यावर येतो. लांबच्या वाडीतले लोक पहिलीला निघतात, चर्चसमोर राहणारे दुसरीला. उशिरा पोहोचणारेही नेहमी समोरचेच. शनिवार संध्याकाळचा मिस्सा रविवारचाच धरतात, त्यामुळे भाजी-फुलं घेऊन पहाटेच्या लोकलने दादर गाठणाऱ्यांची सोय होते. पण शनिवारच्या घंटेला रविवारच्या घंटेचा रुबाब नाही, हे कबूल करायला हवं.

आत वेदीपाशी आणखी एक घंटी असते, हातातली, चार वाट्यांची. मिस्सा लॅटिनमध्ये व्हायचा त्या काळात तिला फार काम. फादर लोकांकडे पाठ करून हळू आवाजात म्हणायचे, लोक मागे आपली जपमाळ ओढायचे. परिवर्तनाची, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होण्याची, वेळ जवळ आली हे घंटीशिवाय कळायचं कसं? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आला, फादर लोकांकडे तोंड करून उभे राहिले, सगळं दिसू आणि ऐकू लागलं. नियमपुस्तकाने घंटी ऐच्छिक केली. लोकांनी ती सोडली नाही. परिवर्तनाच्या किंचित आधी एकदा, ओस्ती (पवित्र भाकरीची चकती) उंचावल्यावर, चषक उंचावल्यावर. इथे गफलत होते ती उचलण्यात. चार वाट्यांची घंटी जमिनीवरून नुसती उचलली तरी ती खुळखुळते, आणि सगळ्यात शांत क्षणी तो आवाज म्हणजे वर्गात डबा पडल्यासारखा. म्हणून तिच्याखाली जाड फडक्याची घडी ठेवायची, आणि उचलताना मूठ फक्त दांडीला न घालता दुसऱ्या हाताची बोटं वाट्यांखाली द्यायची. ठेवतानाही तसंच. नवा वेदीसेवक पहिल्या रविवारी फादरांच्या हाताकडे बघतो. दोन-तीन महिन्यांत तो कोपरांकडे बघायला शिकतो, कारण ओस्ती वर जायच्या आधी कोपरं हलतात.

बाकी आठवड्यात तिची एवढी धावपळ नसते. मनोऱ्यातली मोठी घंटा मात्र कधी अवेळी वाजते. शुक्रवारी दुपारी तीनला काही चर्चमध्ये ख्रिस्ताच्या मरणाच्या घटकेची म्हणून वाजवतात. आणि एरवी कुठल्याही वेळी एकेक ठोका, मध्ये लांबलचक खंड ठेवून, सुरू झाला की गावातले हात थांबतात. ही कुणी गेल्याची घंटा. पुरुष, बाई, मूल यांचे ठोके पुष्कळ ठिकाणी वेगळे. संकेत गावोगावी निराळा. इथे घाई करून चालतच नाही. एक ठोका पूर्ण विरल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही, एवढा एकच नियम. नाद विरतो तेवढ्यात लोक आजारी माणसांची नावं मनातल्या मनात फिरवून पाहतात.

मग वर्षातून एकदा घंटा गप्प बसते. ईस्टरआधीच्या उपवासकाळात ग्लोरिया हे स्तुतिगीत गात नाहीत. पवित्र गुरुवारी संध्याकाळी ती पुन्हा गायली जाते आणि त्या वेळी लहान-मोठ्या सगळ्या घंटा एकदम वाजतात. ती संपली की बंद. शुक्रवारी नाही, शनिवारी दिवसभर नाही, थेट शनिवारी रात्रीच्या, ईस्टरच्या जागरणविधीतल्या ग्लोरियाला. मधल्या काळात लाकडी खडखड्या. पोर्तुगीज नाव मात्राका : फळीवर बिजागरीने लोखंडी कड्या बसवलेल्या, मनगट हलवलं की दोन्ही बाजूंनी आपटणाऱ्या. आवाज अगदी रुक्ष, दुष्काळासारखा. बिजागरीला तेल घालायचं नाही हे शिकवावं लागतं. तेल पाजलं की कड्या गुळगुळीत फिरतात आणि खडखड जाते.

वसईच्या कानाला घंटा नसण्याची सवय एकेकाळी फार मोठी लागली असणार. 1739च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला आणि किल्ल्यातल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून देशावर गेल्या. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकर मंदिरावरच्या घंटेवर 1721 हे साल आहे, भीमाशंकरच्या घंटेवर 1729, वर क्रूसही. नाशिकात ठणठणीत आवाजाच्या बाईला ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतात, हे वसईतल्या पुष्कळांना ठाऊक नाही. गोव्यातही घंटांनी घरं बदलली. पणजीच्या चर्चची सव्वादोन टनांची घंटा मूळची जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. ती टांगण्यासाठी 1871 साली चर्चच्या दर्शनी भागावर मुद्दाम जागा बांधली. भीमाशंकरच्या घंटेचं मला वेगळंच कुतूहल वाटतं. चर्चमध्ये एक माणूस सगळ्या गावाच्या वतीने वाजवतो, देवळात प्रत्येक जण आपली आपण. काँसं तेच. तीन-तीनचा हिशोब सुटल्यावर त्या घंटेला हलकं वाटलं असेल की चुकल्यासारखं?

ते असो. मुद्दा दोरीचा होता. जागरणविधीतली ग्लोरिया ही वर्षातली सगळ्यात जोरकस ओढ : दोन दिवसांची भूक, अंधारातून एकदम लागलेले दिवे, दोरीवर एकाऐवजी तिघांचे हात आणि कुणालाच थांबायचं नसतं. दोरी तुटते ती नेमकी तेव्हा, आणि भिंतीच्या कडीपाशीच, कारण तिथे ती वर्षभर घासलेली असते. तुटली की कुणाला तरी बॅटरी घेऊन कबुतरांच्या विष्ठेतून शिडीने वर चढावं लागतं आणि खाली गायकवृंद ग्लोरिया दुसऱ्यांदा सुरू करू की नको या विचारात. म्हणून दोरी बदलायची ती झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, आधी. निदान कडीपाशी आलेला भाग हातभर सरकवून घ्यायचा. गेल्या वर्षीची अजून चालेल की, असं दरवर्षी कुणीतरी म्हणतंच.