सांगलीचा स्टँप, बेळगावचा शिक्का: संस्थानी कागदांच्या संग्रहाची ताजी नोंद

मुख्य बातमी आधी सांगून टाकते. ज्या कागदाच्या मागे मी लागले होते तो अखेर पदरात पडला. एकच दस्त, पुढे सांगली संस्थानचा स्टँप आणि पाठीवर बेळगाव कलेक्टर कचेरीचा शिक्का. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये त्याला स्वतंत्र लॉट नंबरही (विक्रीला मांडलेल्या गटाचा क्रमांक) नव्हता. 'दक्षिण महाराष्ट्र संस्थाने, जुने स्टँप पेपर, मिश्र गठ्ठा, लिपी स्थानिक, स्थिती साधारण' एवढ्या एका ओळीखाली तो बाकीच्या कागदांत दबून पडला होता.

या छंदात नव्याने आलेल्यांसाठी थोडं मागचं. शहापूर आज बेळगावचाच भाग आहे, रिक्षावाला वेगळं गाव म्हणून भाडं सांगत नाही. पण १९४८ पर्यंत शहापूर सांगलीच्या पटवर्धनांचं आणि बेळगाव ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यातलं. कोर्ट वेगळं, स्टँपची विक्री वेगळी. घर शहापुरात आणि शेत बेळगाव तालुक्यात असलेल्या माणसाला दोन सरकारांचे उंबरे झिजवावे लागत. आजूबाजूलाही हीच तऱ्हा होती: जमखंडी, मिरज, कुरुंदवाड पटवर्धनांची, मुधोळ घोरपड्यांचं, रामदुर्ग भाव्यांचं. आज यातली काही गावं बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत आहेत, काही महाराष्ट्रात. प्रत्येक संस्थानाचे स्वतःचे स्टँप पेपर, कोर्ट फीची तिकिटं, पावतीची तिकिटं. टपालाची तिकिटं जमवणारे पुष्कळ भेटतात, पण या कोर्टकचेरीच्या तिकिटांकडे फारसं कोणी वळत नाही. म्हणूनच माझ्यासारखीच्या खिशाला ती अजून झेपतात.

दोन शिक्क्यांचा कागद तयार होण्यामागे कायदा आहे. इंग्रजांच्या लेखी संस्थानं ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरची. १८९९ च्या स्टँप कायद्याच्या कलम १८ मध्ये तरतूद होती की बाहेर लिहिलेला दस्त इकडे आणला, तर आणल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथला स्टँप लावून घेता येईल. म्हणजे शहापुरात बसून सांगलीच्या स्टँपवर बेळगावच्या जमिनीचं गहाणखत लिहिलं, तर ते घेऊन कलेक्टर कचेरीत जायचं, इथलं स्टँप शुल्क भरायचं आणि पाठीवर शेरा मारून घ्यायचा. असे कागद निघाले असणार हे कायदा वाचून कळत होतं. हातात मात्र एकही येत नव्हता, कारण विकणारे वरचा छापील स्टँप तिकिटासारखा कापून घेतात आणि उरलेला कागद रद्दीत टाकतात.

आता लिलावाकडे. फोटोत एकावर एक सरकवलेले कागद होते. सगळ्यात खालच्या कागदाचा कोपरा दुमडून पाठ वर आली होती आणि त्या पाठीवर जांभळ्या लंबगोल शिक्क्याचा अर्धा भाग दिसत होता. सांगली संस्थानच्या स्टँपच्या पाठीवर विकणाऱ्याची नोंद असते, कोणाला विकला, कधी, कितीचा. पण ती हातानं लिहिलेली, काळ्या शाईत. जांभळा शिक्का तिथं कशाला? लिलाववाल्यांना मेल टाकून सगळ्या कागदांच्या मागच्या बाजूचे स्कॅन मागवले. दोन दिवसांत आले. मिश्र गठ्ठ्याच्या मागच्या बाजू बहुतेक कोणी मागत नाही. जे मागतात त्यांना अर्धी लढाई तिथंच सोपी जाते, असं माझं मत आहे.

पैशाचं गणित कसं करते तेही लिहिते, कारण मागच्या नोंदीनंतर दोघांनी विचारलं होतं. मी आधी घरी पोचेपर्यंतचा एकूण खर्च ठरवते आणि तिथून मागं येते. हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, बायर्स प्रीमियम (लिलाववाले घेणाऱ्याकडून घेतात ते कमिशन), त्यावर कर, पॅकिंग, टपाल. प्रत्येक लिलावाच्या अटी वेगळ्या, त्या वाचूनच धरायच्या. या वेळी हे सगळं मिळून साधारण पाव हिस्सा वर चढत होतं. माझी हद्द ६,००० होती, म्हणजे बोली ४,८०० च्या पुढं न्यायची नाही. हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवते. लिलाव सुरू झाला की हात आपला राहत नाही. आमच्याकडच्या जत्रेत पहिल्या नारळाच्या सवालाला, म्हणजे लिलावाला, भले भले शहाणे कसे पेटतात ते सगळ्यांनी पाहिलंय. लॉट १,५०० ला उघडला, दोघंजण ३,००० पर्यंत आले, एकजण पुढेही चिकटून राहिला आणि ४,२०० ला हातोडा पडला. घरी पडला ५,२५० ला. गठ्ठ्याच्या लॉटला परतीची सोय नसते, जसा आहे तसा घ्यायचा. त्यामुळे पाकीट उघडेपर्यंत जीवात जीव नव्हता.

आता कागद. गहाणखत आहे, मोडी लिपीत. वरच्या भागात छापील स्टँप, खाली मजकूर. लेखकानं पानभर आधी आडव्या रेघा ओढून घेतल्यात आणि अक्षरं त्या रेघांना लटकवलीत, जशी जुन्या कारकुनाची रीत. शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध नाही. शाई काळ्याची तपकिरी झालीय आणि जिथं बोरू जास्त दाबला गेला तिथं कागदाला बारीक चीर गेलीय. लोहयुक्त शाई कागद खाते ती अशी. साल शके १८४५, रुधिरोद्गारी नाम संवत्सर, महिना ज्येष्ठ. म्हणजे १९२३. शेवटी नेहमीचं 'राजीखुशीने व अकलहुशारीने लिहून दिले', साक्षीदारांच्या सह्या आणि एका बाईच्या अंगठ्याची निशाणी. जमिनीच्या चतुःसीमा दिल्यात, ओढा, पाणंद, शेजाऱ्याचा बांध. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, खातेदारांचे वंशज तिथंच नांदतात आणि बांधाची भांडणं आमच्या भागात अजून थंड झालेली नाहीत. पाठीवर वर विकणाऱ्याची मोडीतली नोंद, 'मु॥ शहापूर'. तिच्याखाली तो जांभळा शिक्का आणि इंग्रजीतला शेरा, तारीख ऑगस्ट १९२३. ज्येष्ठ ते ऑगस्ट, तीन महिन्यांच्या आत बसतं.

हा कागद मी शहापुरातल्या एका जुन्या दुकानदाराला दाखवला. पितळी समया, तराजू, वजनं विकतात, मोडी लहानपणी शिकलेत. चष्मा वर करून बराच वेळ वाचत बसले. मग म्हणाले, "अक्का, ह्यो कागद कापू नकोस हं कुणी सांगितलं तरी."
"मामा, कापायला घेतलाय होय मी?"
"तू न्हाई गं. पर हे तिकीटवाले लोक, त्यांना वरचा तुकडा पायजे असतोय. खालचा माणूस नको."

माझंही तेच भांडण आहे, फक्त मला त्यांच्याइतकं नेमकं सांगता येत नाही. कापलेल्या स्टँपला किंमत येते ती त्याच्या दुर्मीळतेनं. अख्ख्या दस्ताला ती येते, वर तारीख येते, गाव येतं, विकणारा येतो, आणि एखादी दुसऱ्या सरकारची खूणही येते. कापलेल्या तुकड्यावरून हा कागद दोन सरकारांचा होता हे कधीच कळलं नसतं.

बाकीच्या गठ्ठ्याबद्दल थोडक्यात. जमखंडीची काही कोर्ट फीची तिकिटं आहेत, त्यातल्या दोनांना मधोमध गोल भोक. हे पाहून नवे लोक लॉट सोडून देतात. सोडू नका. कोर्ट फीचं तिकीट रद्द करायची पद्धतच ती. १८७० च्या कोर्ट फी कायद्यात स्पष्ट लिहिलंय की डोक्याचं चित्र पंच करून काढायचं, रक्कम शाबूत ठेवायची आणि काढलेला तुकडा जाळून किंवा नष्ट करून टाकायचा. त्यामुळे भोक हा वापराचा पुरावा आहे, खोट नाही. अर्थात कडा फाटल्या असतील तर वेगळी गोष्ट. मुधोळच्या दोन पावत्या आहेत, किरकोळ. (मुधोळ म्हटलं की लोक आधी तिथल्या शिकारी कुत्र्याबद्दल विचारतात. कुत्र्याचं तिकीट माझ्याकडे नाही.) रामदुर्गचं काही निघालं नाही याचं वाईट वाटलं.

एक कागद मात्र बनावट निघाला आणि त्यावर थोडं लिहायलाच हवं, कारण असे कागद आता वाढलेत. स्टँप खरा आहे. संस्थान विलीन झालं तेव्हा कोरे स्टँप कुठंतरी पडून राहिले, ते आज बाजारात येतात आणि कोणीतरी त्यावर आज मजकूर लिहितो. पहिला संशय घडीनं दिला. कागद आधी घडी करून ठेवलेला असला आणि मग त्यावर लिहिलं, तर घडीच्या तुटक्या धाग्यांत शाई पसरते, रेघ तिथं फुगते. आधी लिहून मग घडी केली तर रेघ घडीवर तुटते, पसरत नाही. या कागदावर चार ठिकाणी शाई घडीत उतरलेली दिसते, भिंगातून बघा, साध्या डोळ्यानंही दिसेल. दुसरी खूण मोडीतच होती: आडवी रेघ आधी न ओढता प्रत्येक शब्दावर देवनागरीसारखी वेगळी ओढलीय, आणि शब्दांमध्ये नीट जागा सोडलीय. तिसऱ्या खुणेनं प्रकरण मिटवलं. साल लिहिलंय 'शके १८४०, दुंदुभी नाम संवत्सरे'. शकात १२ मिळवायचे, ६० नं भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. १८४० आणि १२ मिळून १८५२, बाकी ५२, म्हणजे कालयुक्त. दुंदुभी ५६ वा, तो शके १८४४ ला येतो. चार वर्षांची चूक त्या काळचा कारकून करत नसे, पंचांग त्याच्या उशाला असायचं. माझ्या गहाणखताला हेच गणित लावून पाहा: १८४५ आणि १२, बाकी ५७, रुधिरोद्गारी. जुळतं. साठ संवत्सरांची यादी कुठल्याही पंचांगात मिळेल, तिची एक प्रत लिलावाच्या वेळी जवळ ठेवावी.

हा बनावट कागद मी फेकलेला नाही. स्टँप खरा आहे म्हणून वेगळ्या पाकिटात, वर 'मजकूर नवा' असं पेन्सिलीनं लिहून ठेवलाय, म्हणजे माझ्यानंतर कोणी तो खरा समजून विकू नये.

कायद्याबद्दल एक गोष्ट, कारण परदेशातल्या एका संग्राहकानं हा दस्त मागितला आणि मी नाही म्हटलं. १९७२ च्या पुराणवस्तू कायद्यात बाकीच्या वस्तूंना १०० वर्षांची अट आहे, पण हस्तलिखितं, नोंदी आणि दस्त यांना ७५ वर्षांचीच, जर त्यांना ऐतिहासिक किंवा साहित्यिक वगैरे महत्त्व असेल तर. १९४८ चे विलीनीकरणाच्या वेळचे कागदही आता ही ७५ ओलांडून गेलेत. अशा वस्तू देशाबाहेर पाठवायला आपल्यासारख्यांना मुभा नाही, आणि त्यांचा धंदा करायचा तर परवाना लागतो. छंद म्हणून आपसात अदलाबदल करणाऱ्यांनीही हे डोक्यात ठेवावं. दुसरं, ज्या कागदावर सरकारी दफ्तराचा रेकॉर्ड नंबर किंवा फाइलीची शिवण दिसते तो मी हातात घेत नाही, कितीही स्वस्त असला तरी. कोणाच्या तरी दफ्तरातून तो निघून आलेला असतो.

साठवणीचं थोडं. आमच्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर हटत नाही आणि खानापूरच्या बाजूला तर भिंतीच घाम गाळतात. लॅमिनेशनचा विचारही मनात आणू नका, सेलोटेपचाही नाही. साधे पीव्हीसीचे पाऊच टाळते, आम्लविरहित कागदाच्या घडीत ठेवून पत्र्याच्या पेटीत टाकते, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या आणि जुन्या रीतीप्रमाणे वेखंडाचे दोन तुकडे, कागदाला न टेकणारे. गहाणखताची घडी उलगडायला ब्लॉटिंग पेपरमध्ये ठेवून वर जाड शब्दकोश ठेवलाय, इस्त्री अजिबात नाही. शाईनं खाल्लेल्या चिरांना मागून पातळ जपानी टिश्यू गव्हाच्या खळीनं लावायचा आहे. आधी बनावट कागदावर हात बसवून घेते, मग खऱ्याकडे वळेन.

पुढचं काम ठरलंय. रामदुर्गचा अख्खा दस्त हवा आहे, कापलेलं तिकीट नको. मिरज किंवा कुरुंदवाडचा दस्त आणि त्यावर ब्रिटिश शेरा असा कोणाकडे असेल तर फोटो पाठवा, दोन्ही बाजूंचे. माझ्याकडे जमखंडीची भोक पडलेली दोन तिकिटं आणि मुधोळची एक पावती दुबार आहे, त्या बदल्यात द्यायची तयारी आहे. बेळगावात असाल तर शनिवारी संध्याकाळी शहापुरात मामांच्या दुकानी भेटू, तिथं भिंगही आहे आणि चहाही.