तुम्ही विचारलंत म्हणून: जॅकेटचा पैसा आपलंच रान बंद करतो का?

अमेरिकेच्या पश्चिमेकडे, आयडाहो, मोंटाना, वायोमिंग या पट्ट्यात स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी इंजिनाची गाडी) चालवणारे दर थंडीत हे विचारतात: ज्या कंपनीचं जॅकेट आम्ही घेतो, तीच आमच्यावर बंदी आणायला पैसे देते का? देत असेल, तर घ्यायचं कुणाचं? (गुलमर्गला भाड्याने मिळणारी अर्ध्या तासाची चक्कर डोळ्यांसमोर आणू नका. इथली मंडळी दिवसभर वाटेबाहेरच्या सरकारी जंगलात, खोल बर्फात असतात.)

बहिष्काराच्या ज्या याद्या फिरतात, त्यांत दोन वेगळ्या भूमिका एकत्र कालवलेल्या असतात. सरकारी जमीन विकू नका, खाणीला देऊ नका, ही एक. त्या जमिनीवर इंजिन नको, ही दुसरी. डिसेंबर 2017 मध्ये युटा राज्यातल्या बेअर्स इअर्स राष्ट्रीय स्मारकाचं (म्हणजे राखून ठेवलेल्या मोठ्या सरकारी भूभागाचं) क्षेत्र सुमारे 85 टक्क्यांनी घटवलं गेलं आणि त्याविरुद्ध पॅटागोनिया ही कपड्यांची कंपनी कोर्टात गेली, तेव्हापासून ती बहुतेक याद्यांत वर असते. पण राष्ट्रीय स्मारक झालं म्हणून गाड्या आपोआप बंद होत नाहीत. ठरवून दिलेल्या रस्त्यांवर त्या चालतात. गाड्यांवर सरसकट बंदी येते ती 1964 च्या वाइल्डरनेस (अस्पर्श रान) कायद्याने, आणि तो दर्जा फक्त अमेरिकी संसद देते. खरी भांडणं या दोन्हींच्या मधल्या जमिनीवर होतात: वनखात्याने वाइल्डरनेससाठी नुसती शिफारस केलेला भाग, जसा आयडाहो-मोंटाना सीमेवरचा ग्रेट बर्न. कंपनीची भूमिका तपासायची असेल, तर अशा भागांबद्दल ती काय म्हणते ते बघा. बाकी घोषणा सोडून द्या.

आणि गप्प बसलेली कंपनी तटस्थच असते असं नाही. 1989 मध्ये आरईआय, पॅटागोनिया, नॉर्थ फेस आणि केल्टी या बाहेरच्या भटकंतीचं सामान विकणाऱ्या कंपन्यांनी कॉन्झर्वेशन अलायन्स ही संस्था काढली. सभासद कंपन्या वर्गणी भरतात आणि त्यातून निसर्ग राखणाऱ्या संस्थांना अनुदान जातं. कुणाला किती, हे शोधायला अलायन्सचा करविवरणाचा फॉर्म 990 उघडा. तो अमेरिकी करखात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यातल्या शेड्यूल आयमध्ये 5,000 डॉलरांहून जास्त अनुदान मिळालेल्या देशांतर्गत संस्थांची नावं असतात. आकडे मागच्या वर्षांचे असतात, त्यामुळे दोन-तीन वर्षांचे फॉर्म शेजारी ठेवून वाचावेत. मग अनुदान मिळालेली संस्था नेमकं काय करते ते बघा. बॉइसीची विंटर वाइल्डलँड्स अलायन्स वनखात्याविरुद्ध कोर्टात गेली, 2013 मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला आणि त्यातून 2015 चा नियम आला. तो नियम स्नोमोबाइल बंद करत नाही. पुरेसा बर्फ पडणाऱ्या प्रत्येक राष्ट्रीय जंगलाने कुठे चालवता येईल ते नकाशावर दाखवायचं, आणि नकाशाबाहेरचं सगळं बंद. हा फरक मोठा आहे, कारण नकाशात एक रेघ इकडची तिकडे झाली की अख्खी दरी जाते.

मालकीही बघावी लागते. स्नोमोबाइलवाल्यांचे कपडे-सामान बनवणाऱ्या कंपन्यांपैकी क्लाइम 2012 पासून आणि 509 ही 2015 पासून पोलॅरिसची आहे. पोलॅरिस स्वतः स्नोमोबाइल बनवते, त्यामुळे तिथे शंका कमी. उलट हिमस्खलनाचं सामान बनवणारी बॅककंट्री अ‍ॅक्सेस 2013 मध्ये केटू या स्की बनवणाऱ्या कंपनीकडे गेली आणि केटूचेही मालक पुढे बदलले. पाच वर्षांपूर्वीची यादी म्हणूनच रद्दी समजावी.

आता जिथे ही निवड करूच नये ती जागा. ट्रान्सीव्हर (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचं, अंगावरचं रेडिओ-यंत्र) सगळ्यांचे 457 किलोहर्ट्झवर चालतात, म्हणजे एका कंपनीचा दुसरीच्याला सापडतो. तरी तीन अँटेनांचा, चांगल्या स्थितीतला, ज्यावर सराव झालाय असाच घ्यावा. कंपनीची मतं इथे बाजूला ठेवा. तो अंगावर बांधायचा, गाडीच्या पिशवीत नाही. फोन, रेडिओ, तापणारे हातमोजे यांच्यापासून शोध घेताना किमान 50 सेंटिमीटर आणि एरवी 20 सेंटिमीटर लांब. नाहीतर खोटे सिग्नल येतात. शोध सुरू करताना जवळच्या गाड्यांची इंजिनं बंद करा. फावडं धातूच्या पात्याचं हवं, कारण थांबलेला हिमलोट घट्ट बसतो आणि प्लास्टिक तुटतं. फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) पाठीवरच. गाडी लोटाखाली गेली तर तिच्यातलं सामानही गेलं.

जॅकेट-पँटमध्ये मात्र खुशाल मत वापरा, तोडीस तोड चार-पाच पर्याय असतात. फक्त स्कीचं आखूड जॅकेट घेऊ नका. गाडीवर वाकलं की ते मागून वर सरकतं आणि बर्फ आत शिरतो. पँटला गुडघ्यावर आणि बसायच्या जागी दुहेरी कापड हवं.

नकाशाची रेघ हलवायची असेल, तर जॅकेटपेक्षा वनखात्याला दिलेल्या लेखी सूचनेचा उपयोग जास्त, असं माझं मत. वनखात्याच्या आराखड्याच्या मसुद्यावर मुदतीत काही लिहिलं नसेल, तर पुढे हरकत घ्यायचा हक्क बहुधा उरत नाही. "बंदी नको" एवढंच लिहून भागत नाही. कुठली दरी, कुठून आत जाता, किती बर्फ असताना, हे द्यावं लागतं.

नको त्या कंपनीचंच जॅकेट आवडलं, तर जुनं घ्या. तिला नव्याने पैसा जात नाही. जुना ट्रान्सीव्हर मात्र घेऊ नका. बॅटरी गळून आतले संपर्क गंजलेले असू शकतात आणि बाहेरून ते दिसत नाही.