कप्तानाच्या गावाला जाणारी बोट

सेनेगलमध्ये डाकारहून झिगिन्शोरला जायचं तर मध्ये गांबिया हा अख्खा देश आडवा येतो. २०१९ मध्ये पूल झाल्यापासून रस्त्याने जाणं सोपं झालंय. तरी मी बोटच घेतली, कारण मला सेनेगलच्या फुटबॉल संघाचा जुना कप्तान अलियू सिसे याचं गाव, झिगिन्शोर, बघायचं होतं, आणि त्याची गोष्ट या समुद्रावरून गेल्याशिवाय नीट कळणार नाही असं वाटत होतं.

२६ सप्टेंबर २००२. याच मार्गावरची 'ल जोला' बोट रात्री गांबियाच्या किनाऱ्याजवळ उलटली. क्षमता सहाशेच्याही आतली, आणि गेले १८०० हून जास्त. वाचले फक्त ६४. सिसे तेव्हा इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम सिटीकडून खेळत होता. बोटीवर त्याच्या घरची बरीच माणसं होती. कोकणातल्या घरांत 'रामदास' बोटीचं नाव आजही जसं दबक्या आवाजात निघतं, तसंच इथे जोलाचं. आता बोट वेगळी, तिकिटासोबत पासपोर्टही तपासतात, आणि सामान चढवताना खलाशी चांगलेच खेकसतात. त्या खेकसण्याचं मला बरं वाटलं.

सकाळी बोट कॅसामान्स नदीत शिरली. दोन्ही काठांना खारफुटी, मध्येच डॉल्फिन. काराबान बेटाजवळ काही जण उतरले, बाकीचे रेलिंगला टेकून गप्पा मारत होते. मी सिसेचं नाव काढलं आणि वाद पेटला.

इतर लोक सिसेची ओळख २००२ च्या विश्वचषकापासून सांगतात: कप्तान तो, सोलमध्ये गतविजेत्या फ्रान्सला १–० ने हरवलं. पण बोटीवरच्या काकांनी सुरुवात केली ती त्याच्या काही महिने आधीपासून. बामाको, आफ्रिका चषकाची अंतिम फेरी, कॅमेरून. गोल नाही, पेनल्टी. शेवटची सिसेची, आणि ती अडवली गेली. काकांनी ती बोटीच्या डेकवर पाय आपटून पुन्हा मारून दाखवली.

२०१५ मध्ये सिसे सेनेगलचा प्रशिक्षक झाला. २०१८ च्या विश्वचषकातला एकमेव कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक तोच. तिथे सेनेगल आणि जपान गुण, गोल, सगळ्यांत बरोबरीत राहिले. सेनेगलला पिवळी कार्डं जास्त म्हणून ते घरी गेले. असला नियम मला तरी पटत नाही. २०१९ मध्ये पुन्हा आफ्रिका चषकाची अंतिम फेरी, अल्जीरियाकडून ०–१. फार बचावात्मक खेळवतो, ही ओरड तर कायमचीच. डेकवरही दोघे तरुण तेच म्हणत होते.

मग ६ फेब्रुवारी २०२२, याउंदे, पुन्हा त्याच चषकाची अंतिम फेरी, समोर इजिप्त. सेनेगलच्या सादियो मानेने सातव्याच मिनिटाला पेनल्टी दवडली. तो याच कॅसामान्स भागातला, बांबालीचा. सामना पुन्हा पेनल्ट्यांवर गेला, शेवटची पुन्हा मानेनेच मारली, आणि सेनेगलने पहिल्यांदा चषक जिंकला. २००२ मध्ये पेनल्टी हुकलेल्या सिसेला डगआउटमधून काय वाटलं असेल, हे विचारल्यावर काका म्हणाले, "ते त्याला विचार. आम्ही रस्त्यावर नाचत होतो."

झिगिन्शोरला धक्क्यावर उन्हाचा तडाखा होता. चहाच्या टपरीवर फेसाळ अताया, तीन फेऱ्या, घाई केलेली चालत नाही. तिथेही तोच विषय. २०२४ मध्ये फेडरेशनने सिसेला निरोप दिला, मग तो लिबियाचा प्रशिक्षक झाला. त्याच्या जागी पाप थियाव आला, तोही २००२ च्याच संघातला. "पण तो पुढच्या फळीत खेळायचा," टपरीवाला दुसरी फेरी ओतत म्हणाला, "निदान हा तरी हल्ला करू देईल."