कॅम्परमधली बॅटरी केवढी ते नंतर, आधी ती भरणार कशी ते ठरवा

कॅम्पर (म्हणजे आत झोपायची-राहायची सोय केलेली गाडी) बनवायला घेतलेला जो भेटतो तो आधी हेच विचारतो, बॅटरी शंभर अँपिअर-अवरची (म्हणजे एक अँप करंट शंभर तास देईल एवढी) टाकू की दोनशेची? माझं म्हणणं एवढंच की ती भरणार कशी ते आधी सांग, कारण भरायची सोय नसेल तर दोनशेची पण तिसऱ्या दिवशी उतरणारच.

आपल्याकडे सर्रास घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी बेडखाली ढकलतात. स्वस्त पडते, कुठेही मिळते, कबूल. पण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि वर आपण झोपलेले असतो, हे मला अजिबात पटत नाही. शिवाय लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली रोज उतरवली की तिचं आयुष्य भराभर कमी होतं, म्हणजे दीडशे अँपिअर-अवरची घेतली तरी हाताशी पंच्याहत्तरच. आणि कळशी भरत आली की नळ बारीक करावा लागतो तसं हिचं आहे, शेवटच्या 20 टक्क्यांना ती करंट कमी कमी घेत जाते आणि तेवढ्यालाच कित्येक तास जातात. पुणे ते महाबळेश्वर तीन तास गाडी चालवली म्हणजे बॅटरी फुल, असं होत नाही हो! चार्जिंग चालू असताना मीटरवर 14 व्होल्ट दिसतात ते बघून खूश होऊ नका, चार्जर आणि लोड सगळं बंद करून दोनतीन तासांनी मोजा, 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी.

लिथियम म्हणजे एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) घेतलीत तर हा त्रास नाही, ती जवळजवळ शेवटपर्यंत दणकून करंट घेते. पण तिथेच दुसरी अडचण, थेट डायनामोला (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरला) जोडली तर ती इतकं खेचते की आयडलिंगला डायनामो तापून जळू शकतो. आणि बऱ्याच बीएस-6 गाड्यांमध्ये डायनामो ईसीयूच्या, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या ताब्यात असतो, पुढची म्हणजे गाडीची स्वतःची बॅटरी भरली की व्होल्टेज खाली येतो, मग जुन्या पद्धतीचा रिले (व्होल्टेज बघून दोन बॅटऱ्या जोडणारा-तोडणारा स्विच) मागच्या, कॅम्परच्या बॅटरीला तोडून टाकतो. म्हणून मधे डीसी-टू-डीसी चार्जर हवाच, तो डायनामोकडून ठरावीकच करंट घेतो आणि मागच्या बॅटरीला हवा तो व्होल्टेज देतो. 30 अँपचा लावला की दोन तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये साधारण 60 अँपिअर-अवर मागे जातात, उन्हाळ्यात छोटा कॉम्प्रेसर फ्रिज, पंखा, लाइट, मोबाइल एवढ्याचा दिवसभराचा खर्च साधारण त्यातच बसतो. (इंडक्शनचं गणित यात धरू नका, 1500 वॅटला बॅटरीतून सव्वाशेच्या वर अँप जातात, त्यापेक्षा गॅस बरा.)

वायरीवर मात्र कंजुषी नको. गाडी चालू ठेवून मीटर आधी पुढच्या बॅटरीला लावा, मग मागे चार्जरच्या इनपुटला, वायरीत किती व्होल्ट गळतात ते लगेच कळेल. पाच मीटर लांब 6 स्क्वेअर एमएमची वायर जाऊन-येऊन 30 अँपला जवळजवळ 0.9 व्होल्ट खाते, 16 ची टाकली तर तेच 0.3 वर येतं. आणि फ्यूज दोन्ही बॅटऱ्यांच्या अगदी टर्मिनलजवळ हवा, कारण वायर मधे कुठे घासून शॉर्ट झाली तर दोन्हीकडून करंट येतो. इलेक्ट्रिशियन म्हणेल एक पुरे, ऐकू नका.

लडाख-स्पितीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, शून्याखाली लिथियम चार्ज करायची नसते, चांगला बीएमएस (बॅटरीतलंच तिला सांभाळणारं सर्किट) स्वतःच चार्जिंग अडवतो, त्यामुळे बॅटरी गाडीच्या आत ठेवा, खाली चॅसिसला लटकवू नका.

आणि पावसाळ्यात कोकणात सोलरच्या भरवशावर अजिबात राहू नका, छतावर 200 वॅट असले तरी त्या ढगांत हाती फार काही लागत नाही. गाडी एका जागी दोनतीन दिवस उभी राहणार असेल तर होमस्टेवाल्या काकांना सरळ विचारा, रात्री एक प्लग मिळेल का, लाइटचे वेगळे पैसे देतो. 20 अँपचा चार्जर जेमतेम 300-350 वॅट घेतो, मिक्सरएवढाही लोड नाही म्हटलं की ते नाही म्हणत नाहीत. फक्त तारा लावायच्या आधी सॉकेटला अर्थिंग आहे का ते तपासून घ्या, आणि बोर्ड ओट्यावर पावसात भिजत असेल तर तिथे नकोच, आतल्या खोलीतून वायर घ्या.